रबराची खूण

४ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. गुडघ्याला नवा पट्टा बसला का ते कळवा. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून लिहितो, नाहीतर हे बोलूनच विचारलं असतं. तसं पाहिलं तर बोलायला जमलंच असतं असंही नाही. हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता सरळ लिहितो.

सोमवारी आमच्या कचेरीच्या मुख्य दारावर एक सूचना चिकटवली. ‘सर्व शासकीय इमारती व आवारांत साखरयुक्त शीतपेयांच्या विक्रीस मनाई करण्याचे प्रस्तावित आहे. हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी द्याव्यात. त्यानंतर जाहीर सुनावणी होईल.’ खाली ही मागणी करणाऱ्यांची यादी आहे. अकरावं नाव तुमचं आहे. पुढे ‘निवृत्त मुख्य परिचारिका’ असंही आहे, म्हणजे दुसरं कुणी असायची शक्यता नाही.

मी यादी बाबांना वाचून दाखवली. दहाव्या नावापर्यंत.

तुम्ही त्यांचा स्टॉल पाहिलेला नाही म्हणून सांगतो. कारखान्यात लेथच्या यंत्रावर डोळे गेल्यानंतर दोन वर्षांनी अंधांच्या कोट्यातून तो मिळाला. तळमजल्यावर, लिफ्टच्या बाजूला, दीड माणूस उभा राहील एवढी जागा. एक काउंटर, एक फ्रीज. बिस्किटं, पेनं, अर्जाचे कागद असतात, पण चालतं ते कोल्ड्रिंक. बाबा बाटल्या हाताने ओळखतात. काळ्या कोल्ड्रिंकच्या बाटलीला उभ्या पन्हाळ्या आहेत, संत्र्याची कमरेत बारीक आहे, लिंबाच्या बाटलीला बारीक खड्डे आहेत. गिऱ्हाईक बोलायच्या आत फ्रीज उघडलेला असतो. पावलांवरून माणूस कळतो आणि माणसावरून बाटली. दहा वर्षांत एकदाही चूक नाही. नवीन माणसाला ते आंधळे आहेत हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला समजतं, आणि बाबांना त्याची गंमत वाटते.

पाणी आणि बिस्किटांवर स्टॉल चालणार नाही. म्हणून मी हरकत लिहायला घेतली आहे. तुमच्या सहीविरुद्ध मी हरकत लिहिणं बरं दिसेल का, एवढं कळवा.

तुमचा,
मास्तर

१० फेब्रुवारी

मास्तर,

नववीत शाळा सोडलेल्या मुलाला मी मास्तर म्हणायला लागले ती चेष्टा होती. तू खाली सहीच तशी करायला लागलास, आता मला माघार घेता येत नाही. गुडघा बरा आहे. पट्टा घट्ट आहे, शिव्या देत घालते.

सही करताना तुझा बाप डोळ्यांसमोर आला नाही, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. आला होता. तरी केली.

शेवटची नऊ वर्षं मी कुठल्या वॉर्डात होते ते तुला माहीत आहे. साखरेने पाय सडलेली माणसं. एक ट्रकवाला होता, चाळिशीही गाठली नव्हती. सकाळी त्याचं दुसरं बोट काढलं आणि दुपारी त्याचा मुलगा हौसेने त्याच्यासाठी गार बाटली घेऊन आला. बापाला बरं वाटावं म्हणून. कुठून आणली विचारलं तर म्हणाला, इथूनच, जिन्याखालून. आम्ही वर पट्ट्या बांधत होतो आणि खाली आमच्याच भिंतीत ते दुकान होतं. त्या दुकानदाराचा मला राग आला नाही. भिंतीचा आला. भिंत सरकारची होती, मास्तर. बाहेर रस्त्यावर कुणी काय प्यावं ते मी सांगायला जात नाही.

हरकत जरूर लिही. तुला लिहिता येतं आणि त्याला गरज आहे. माझ्या सहीला काही होत नाही, ती दगडासारखी आहे. मसुदा मला पाठव. आणि अकरावं नाव त्याला वाचून दाखव. तो हसेल.

आत्या

१७ फेब्रुवारी

आत्या,

बाबा खरंच हसले. म्हणाले, “अक्का लहानपणी माझ्या हातातली गोळी काढून घ्यायची. आता सरकारच्या हातातली काढतेय.” 

इमारतीत दुसरा विषय नाही. लिफ्टवाला म्हणतो, “आज कोल्ड्रिंक बंद, उद्या म्हणतील तब्येतीला चांगलं म्हणून जिना चढा, मग मी काय करू?” टायपिंगच्या दोघी बायका तुमच्या बाजूच्या आहेत. त्यांचं म्हणणं, समोर दिसतं म्हणून घेतलं जातं, नाही दिसलं तर आठवणही येणार नाही. ड्रायव्हर लोक म्हणतात, “आमचं पोट आमचं आहे, त्यावर सरकारचा शिक्का कशाला?” मला प्रत्येकाचं ऐकताना तेच बरोबर वाटतं. घरी येऊन लिहायला बसलं की हात अडतो.

कंपनीचा विक्रीवाला आला होता. त्याने बिनसाखरेच्या बाटल्या जास्त ठेवायला दिल्या, मनाई झाली तरी त्या चालतील म्हणाला. अडचण अशी की काळ्या कोल्ड्रिंकची साखरेची बाटली आणि बिनसाखरेची बाटली आकाराने एकच आहे. त्याच पन्हाळ्या, तेच झाकण. फक्त कागदाचा रंग वेगळा. बाबांच्या हाताला फरक लागत नाही. म्हणून मी एक युक्ती केली. रोज सकाळी फ्रीज मीच भरतो, तेव्हा प्रत्येक बिनसाखरेच्या बाटलीच्या मानेला रबर अडकवतो. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये तपासून झालेल्या फायलीला मी दोरा बांधतो. दोरा दिसला की फाईल निर्धास्त. तसंच, रबर लागलं की बाटली निर्धास्त. बाबांना एका दिवसात जमलं.

पहिलं गिऱ्हाईक आमचे मोठे क्लार्क, भाऊसाहेब. त्यांना बारा वर्षं साखरेचा आजार आहे. इतकी वर्षं आम्ही प्यायचो आणि ते बघायचे. आता अकरा वाजता त्यांचाही ग्लास असतो. वर फायलींवर सांडू नये म्हणून बाटली न्यायला बंदी आहे. म्हणून बाबा आता सगळ्यांनाच कागदी ग्लासात ओतून झाकण लावून देतात आणि भाऊसाहेबांचा ग्लास मी वर नेतो.

मसुदा सोबत आहे. त्यात ‘माझे हात हेच माझे डोळे’ हे वाक्य मला आवडलेलं आहे, पण तुम्ही म्हणाल तसं.

मास्तर

२३ फेब्रुवारी

मास्तर,

मसुद्यात एकही चूक सापडली नाही याचं मला वाईट वाटलं. पण ते हात आणि डोळ्यांचं वाक्य काढ. तुझा बाप असं कधी बोलणार नाही. दया मागू नकोस. काम सांग. तो काय करतो, किती वर्षं करतो, किती माणसं त्याच्याकडे येतात, आणि ते गेलं तर त्याच्या हाताला दुसरं काय उरतं, एवढं लिही. ‘कृपावंत होऊन’ हेही काढ. कुणी कृपावंत होत नसतं.

दुसऱ्या कागदावर एक महत्त्वाचं लिहिते.

तुझं रबर उलट आहे. वॉर्डात आम्ही निरुपद्रवी गोष्टीला कधी खूण केली नाही. ज्याने जीव जाईल त्याला लाल पट्टी. घाईतला हात वाचत नाही, त्याला फक्त अडखळल्यासारखं व्हायला हवं. खूण म्हणजे थांब. म्हणून रबर साखरेच्या बाटलीला लाव, बिनसाखरेची मोकळी राहू दे. भाऊसाहेबांसारखा माणूस रोज घेणार असेल तर यात गंमत चालणार नाही. तीस वर्षांचा अनुभव आहे म्हणून सांगते. हा कागद माझ्या भावालाही वाचून दाखव. त्याला म्हणावं, अक्काने सांगितलंय, पोरगा उद्यापासून तसंच करेल.

आत्या

३ मार्च

आत्या,

पत्र मिळालं. बाबांना वाचून दाखवलं. तुम्ही सांगितलेली दोन्ही वाक्यं काढली आणि हरकत दिली. पोच मिळाली, तिच्यावरचा शिक्का अर्धाच उमटला होता म्हणून पुन्हा मारून घेतला. रबराबद्दल तुम्ही लिहिलेलं लक्षात ठेवलं आहे.

बावीस तारखेला सुनावणी आहे. विक्रीवाला म्हणतो, विरोधाच्या बाजूने सगळ्यांत आधी बाबांनी बोलावं, सभागृहावर परिणाम होतो. बाबांना हे ऐकून कसंसंच झालं, पण हो म्हणाले. मी त्यांना रोज थोडं थोडं पाठ करून देतो.

बाकी ठीक. ऊन वाढलंय. एक गंमत सांगायची राहिली. भाऊसाहेब बिनसाखरेच्या कोल्ड्रिंकवर खूश आहेत. पहिल्या आठवड्यात तोंड वाकडं करून प्यायचे, औषधासारखं लागतं म्हणायचे. आता म्हणतात, “कंपनीने सुधारलं हो. अगदी पूर्वीची चव आली.” त्यांना तहानही फार लागते हल्ली, त्यामुळे दुपारी दुसरा ग्लास मागवतात. उलट ड्रायव्हर लोकांची तक्रार आहे की साखरेचंच आता फिकं लागतं. लिफ्टवाला म्हणाला, “मनाई व्हायच्या आधीच साखर चोरायला लागले काय?” माणसांची जीभ कशी असते बघा. मनात आलं की चव बदलते.

मास्तर

६ मार्च

मास्तर,

ताबडतोब. भाऊसाहेबांना त्या फ्रीजमधलं काहीही देऊ नकोस. पाणी सोडून काहीही नाही. त्यांची साखर आजच्या आज तपासून घे, आणि चक्कर, ओकारी किंवा गुंगी असेल तर तपासत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.

बिनसाखरेचं कोल्ड्रिंक कधीही पूर्वीच्या चवीचं होत नाही. आणि तहान उन्हामुळे लागत नाहीये.

शेजारणीला तुमच्या घरी आणि स्टॉलवर फोन करायला लावला. दोन्हीकडे कुणी उचलत नाही. हे पत्र पोचेल तेव्हा पोचेल, पण गप्प बसवत नाही.

बाटल्यांना रबर कोण लावतं आणि कसं लावतं, ते मला खरं लिही.

आत्या

१२ मार्च

आत्या,

शेजारणीचा फोन आला तेव्हा आम्ही दवाखान्यात होतो. तुमचं पत्र त्यानंतर तीन दिवसांनी मिळालं.

सहा तारखेला साडेबाराच्या सुमाराला भाऊसाहेब टेबलावर डोकं ठेवून बसले होते. मी हाक मारली तर ‘ही फाईल गेल्या वर्षीची का’ असं काहीतरी बोलले. समोर फाईल नव्हती. समोर मी नेलेला ग्लास होता, अर्धा प्यायलेला. मी आणि लिफ्टवाल्याने त्यांना खाली आणलं. डॉक्टरांनी साखरेचा आकडा सांगितला तो मी लिहून घेतला होता, पण तुम्हाला लिहवत नाही. आता ते बरे आहेत. परवा घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस असंच चाललं असतं तर सांगता आलं नसतं.

तुम्ही खरं लिहायला सांगितलंत म्हणून लिहितो.

तुमचा दुसरा कागद मी बाबांना वाचून दाखवलाच नाही. मला तुमचं म्हणणं पटलं नव्हतं. मी विचार केला होता की रबर कधीतरी तुटणार, गळून पडणार. माझ्या पद्धतीत बिनसाखरेच्या बाटलीचं रबर पडलं तर फार तर ती ड्रायव्हरकडे जाईल, कुणाचं नुकसान नाही. तुमच्या पद्धतीत साखरेच्या बाटलीचं रबर पडलं तर ती भाऊसाहेबांकडे जाईल. हे तुम्हाला लिहायला हवं होतं. पण तुमची तीस वर्षं आणि माझी नववी. तुम्हाला उलटून कसं लिहू, हे कळेना. आणि बाबांना वाचून दाखवलं असतं तर ते तुमचंच ऐकणार. म्हणून कागद पाकिटात परत घातला आणि माझीच पद्धत चालू ठेवली. तुम्हाला ‘लक्षात ठेवलं आहे’ असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, एवढीच त्यात हुशारी होती.

बाबांना कागदाचा आवाज कळतो. त्यांनी दोन कागद उलगडलेले ऐकले आणि वाचलेला एकच. ते मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी जेवायला गेलो तेव्हा काउंटरच्या खणात मी ठेवलेलं पाकीट काढलं आणि समोर कोण आहे म्हणून विचारलं. समोर भाऊसाहेब होते. त्यांनीच तो दुसरा कागद मोठ्याने वाचून दाखवला. ‘पोरगा उद्यापासून तसंच करेल’ इथपर्यंत.

बाबांनी धरून चाललं की मी तसंच करतोय. तुमचा शब्द मी कधी मोडला नाही, हे त्यांना माहीत आहे. मग दुसऱ्या दिवसापासून ज्याला रबर ती साखरेची, असं समजून ते देत राहिले. मी रबर बिनसाखरेच्या बाटलीलाच लावत होतो. आठ दिवस. भाऊसाहेबांना रोज साखरेचं आणि ड्रायव्हरांना रोज बिनसाखरेचं. आणि ग्लास वर नेत होतो मी.

मी बाबांना विचारलं, “मला का नाही सांगितलंत की कागद वाचून घेतलाय?” ते म्हणाले, “तुला लाज वाटली असती.”

विक्रीवाला म्हणतो, हे कुणाला कळलेलं नाही, कळायची गरज नाही. भाऊसाहेबही बोलणार नाहीत. त्यांनी दवाखान्यात मला एवढंच म्हटलं, “मास्तर, माझ्या दुखण्याचं पत्र मीच खणखणीत आवाजात वाचलं. कुणावर रागावू?” पण हे बाहेर फुटलं तर बाबांचा परवाना जाईल. आंधळ्या माणसाने चुकीची बाटली दिली आणि माणूस मरता मरता वाचला, एवढंच लोक लक्षात ठेवतील.

सुनावणीत बाबांनी काय बोलावं?

मास्तर

१६ मार्च

मास्तर,

तुझं पत्र चारदा वाचलं. पाचव्यांदा शेजारणीला वाचायला दिलं. कुणीतरी मला मोठ्याने सांगायला हवं होतं.

खूण गळून पडली तर काय, हे तू मनात आणलंस. तीस वर्षांत ते माझ्या मनात आलं नाही. वॉर्डात पट्टी पडली तर पुन्हा बांधायला माणसं होती, म्हणून चालून गेलं. तुझ्या बापाच्या फ्रीजपाशी कोण होतं? तुझी पद्धत बरोबर होती. मी इथे खुर्चीत बसून हुकूम सोडला आणि विचारलंदेखील नाही की तू तसं का केलंस. माझ्या भावाला परस्पर कळवलं ते तर त्याहून वाईट. रुग्णाच्या नातेवाइकांना परस्पर सांगू नका, असं मी किती पोरींना दटावलंय.

तू मला उलटून लिहायला हवं होतंस. हे रागावून लिहीत नाही. तुला मास्तर म्हणून चिडवत राहिले आणि तुझं ऐकायची वेळ आली तेव्हा तू मला नववीतला दिसलास. ती चूक माझ्या वाट्याची आहे, तू तुझ्यावर ओढून घेऊ नकोस. तुला ती सवय आहे.

सुनावणीत काय बोलायचं ते मी सांगणार नाही. माझं सांगून झालं. त्याला विचार. आणि या वेळी दोन्ही कागद वाचून दाखव. या पत्राला एकच आहे, तरीही.

आत्या

२५ मार्च

आत्या,

कागद वाचून दाखवला, पाठपोट. मग बाबांना विचारलं. ते म्हणाले, “तू पाठ करून दिलंयस ते बोलेन.” मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू.

सभागृह भरलं होतं. पंखे दोनच चालू होते. अधिकारी बाई शांत होत्या, प्रत्येकाला पुरेसं बोलू देत होत्या. विरोधाच्या बाजूने पहिलं नाव बाबांचं. मी त्यांना माईकपर्यंत नेलं. विक्रीवाला पहिल्या रांगेत होता. भाऊसाहेब तिसऱ्या रांगेत, हातात पाण्याची बाटली.

बाबा म्हणाले, “मी तळमजल्यावरचा स्टॉलवाला.” मग थांबले. मला वाटलं विसरले. मी मागून पुढचं वाक्य हळूच सांगितलं. ते माईकमध्येच म्हणाले, “राहू दे रे.”

मग म्हणाले, “बाई, या पोराने मला छान पाठ करून दिलंय. ते तुमच्याकडे लेखी आहेच, त्यात एक चूक सापडायची नाही. मी दुसरं सांगतो. दहा वर्षं माझा हात चुकला नव्हता. या महिन्यात मी एका साखरेच्या आजाऱ्याला आठ दिवस साखर पाजली.” आणि सगळं सांगितलं. रबर, दोन कागद, ग्लास. माझं किंवा तुमचं त्यात काही चुकलं असं त्यांनी कुठेच म्हटलं नाही. ‘आम्ही घरातली माणसं एकमेकांशी बोललो नाही’ असं म्हणाले.  

अधिकारी बाईंनी विचारलं, “म्हणजे तुमचा प्रस्तावाला विरोध आहे की पाठिंबा?”

बाबा म्हणाले, “विरोधच आहे. त्या बाटल्या गेल्या की माझ्या हाताला ओळखायला काही उरत नाही. गिऱ्हाईकही जाईल. माझा विरोध लिहून घ्या. पण मानू नका.”

लिहून घेणाऱ्याने मान वर केली. “बाई, हे कसं लिहू?”

त्या म्हणाल्या, “म्हणाले तसंच लिहा.”

विक्रीवाला मोबाईलमध्ये बघत होता, त्याने शेवटपर्यंत वर बघितलं नाही. नंतर पुष्कळ जण बोलले. दातांच्या डॉक्टरांनी मुलांच्या दातांचे फोटो आणले होते. एक ड्रायव्हर म्हणाला, “बंद करा, पण तिसऱ्या मजल्यावरचा पाण्याचा नळ दोन वर्षं कोरडा आहे, तो आधी चालू करा. मग आम्हाला शिकवा.” सगळ्यांत जास्त टाळ्या त्याला पडल्या, दोन्ही बाजूंच्या.

परत येताना मी बाबांना विचारलं, आदल्या दिवशी मला वेगळं का सांगितलंत. ते म्हणाले, “आदल्या दिवशी तेच बोलणार होतो. माईकपाशी भाऊसाहेबांचं खाकरणं ऐकू आलं.”

काल नोटीस आली. चुकीचं पेय दिल्यामुळे जीवितास धोका निर्माण झाला, सबब परवाना रद्द का करू नये याचा खुलासा आठ दिवसांत करावा. मी रात्रीऐवजी पहाटे उठून लिहितो आहे, डोकं तेव्हा स्वच्छ असतं. भाऊसाहेबही वेगळं पत्र देणार आहेत. त्यांचं अक्षर कुणाला लागत नाही, पण ते म्हणतात, सही तरी ओळखतील.

मास्तर

२९ मार्च

मास्तर,

मी तुझ्या कचेरीला माझं म्हणणं पाठवलं आहे. त्याची प्रत सोबत. रबर बदलायचा सल्ला माझा होता, तो स्टॉलवाल्याच्या मुलाशी न बोलता स्टॉलवाल्याला परस्पर दिला, आणि प्रस्तावाच्या यादीतलं अकरावं नाव माझंच, असं स्वच्छ लिहिलंय. शेवटी एक मुद्दा घातला आहे, तो तुझ्यावरून सुचला. त्या फ्रीजमधून साखरेच्या बाटल्या गेल्या तर खूण कशालाही लावली काय आणि गळून पडली काय, त्या हाताकडून तशी चूक पुन्हा होऊच शकत नाही. मग परवाना कशासाठी काढता?

पाठवण्याआधी तुला दाखवायला हवं होतं. ही खोड जायला वेळ लागेल. चुकीचं असेल तर तसं लिही. या वेळी खरंच लिही.

आत्या

९ एप्रिल

आत्या,

तुमचा मुद्दा बरोबर आहे. दुसऱ्या परिच्छेदात तुम्ही ‘निष्काळजीपणा’ हा शब्द स्वतःबद्दल वापरला आहे, तो मला पटला नाही. तुम्ही काळजी केलीत, विचारलं नाहीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलटून लिहायला सांगितलंत म्हणून लिहिलं.

निकालाची वाट बघतो आहोत. बाबा रोज स्टॉलवर जातात. साखरेच्या आणि बिनसाखरेच्या बाटल्या आता वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत, मध्ये पुठ्ठा आहे, आणि रोज सकाळी भरून झालं की मी काय कुठे ठेवलं ते मोठ्याने सांगतो आणि ते मोठ्याने परत सांगतात. लिफ्टवाला म्हणतो, तुमची शाळा भरली काय? भरली तर भरली.

मास्तर

५ मे

आत्या,

मनाई झाली. एक तारखेपासून लागू. तिसऱ्या मजल्यावरचा नळही चालू झाला, त्यावर ड्रायव्हर लोकांनी पेढे वाटल्यासारखं एकमेकांना पाणी पाजलं.

परवाना राहिला. निकालात एक ओळ आहे, ती तुमच्या पत्रातली आहे, फक्त त्यांनी तिला कचेरीचे कपडे चढवलेत. ‘प्रतिबंधित पेये विक्रीस उपलब्ध राहणार नसल्याने सदर धोका संपुष्टात येत आहे.’ बाबांनी ती मला दोनदा वाचायला लावली. दुसऱ्यांदा ऐकून म्हणाले, “म्हणजे आता मी चुकूच शकत नाही.” हे त्यांनी आनंदाने म्हटलं नाही. फ्रीजमध्ये आता पाणी, सोडा आणि बिनसाखरेचं. लिंबाच्या खड्ड्यांची आणि बारीक कमरेची बाटली गेली. पहिल्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पावलांवर त्यांचा हात सवयीने संत्र्याच्या कप्प्याकडे गेला आणि रिकाम्या जागेवर राहिला. मी बघितलं नाही असं दाखवलं, मग वाटलं पुन्हा तेच करतोय. म्हणून म्हटलं, “बाबा, तिथे आता काही नाही.” ते म्हणाले, “माहितीये. हाताला सांगतोय.”

गिऱ्हाईक कमी झालंय. किती दिवस निभेल माहीत नाही. मी अर्जाचे कागद वाढवलेत आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज दुपारी तिथेच बसून लिहून देतो.

भाऊसाहेब परत कामावर आले. काल अकरा वाजता स्वतः खाली उतरले. म्हणाले, “माझं द्या.” मला वाटलं पाणी म्हणतात. बाबांनी काही न विचारता काळी बाटली काढली, ग्लासात ओतली, झाकण लावलं. मग मनगटावरचं एक रबर काढून ग्लासाभोवती चढवलं. रबरं अजून ते मनगटावर ठेवतात. भाऊसाहेबांनी अंगठा रबरावरून फिरवला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “औषध. बरोबर आहे.”

ते वर गेल्यावर मी विचारणार नव्हतो. पण विचारलं. “बाबा, आता सगळ्याच बाटल्या बिनसाखरेच्या आहेत. मग खूण कशाची?”

ते फ्रीज पुसत होते.

“मी ओतलाय, याची.”

मास्तर